रात्री सुचलेले सकाळी का टिकत नाही? (रात्रीचे लेखन, स्फूर्ती आणि कसब)

अंत्रुजकन्या (रात्री ११.५०)

नमस्कार. मी गोव्यात फोंडा तालुक्यात राहते आणि प्राथमिक शाळेत शिकवते. गेली चार वर्षे मी मराठीत कथा लिहिते आहे. घरात सासूबाई, दोन मुले आणि सकाळची शाळा असल्यामुळे लिहिण्यासाठी मला रात्री साडेदहानंतरचाच वेळ मिळतो. भांडी आवरून झाली, मुले झोपली, की मी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी वही घेऊन बसते. त्या वेळी जे सुचते ते दिवसा कधीच सुचत नाही, हे मला मनापासून सांगावेसे वाटते. कुळागरातून, म्हणजे पोफळीच्या बागेतून, येणारा पाटाच्या पाण्याचा आवाज, पोफळीचे झावळ पडल्याचा आवाज, लांबवर भुंकणारे कुत्रे, यांतून कुठले तरी माणूस माझ्यासमोर येऊन उभे राहते आणि मी लिहू लागते.

अडचण सकाळी येते. रात्री ज्या पानांनी माझे डोळे भरून आले होते, तीच पाने शाळेच्या बसमध्ये वाचताना मला परकी आणि फुगलेली वाटतात. काल रात्री मी लिहिलेले वाक्य असे होते: 'त्या गूढ, निःशब्द, व्याकूळ रात्रीत तिच्या मनातल्या अथांग वेदनेचा सागर उचंबळून आला.' सकाळी मला कळेना, की या वाक्यात ती बाई कुठे आहे.

माझा प्रश्न असा, की रात्र केवळ स्फूर्ती देते आणि कसब देत नाही, असे आहे का? ज्यांना रात्रीच वेळ मिळतो त्यांनी लेखन सुधारावे कसे? आपले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती.

पागोळी (रात्री १२.१५)

ताई, अगदी माझ्याच मनातले लिहिलेत. मी वाळपईचा. आमच्याकडे जून-जुलैत कौलांवर पाऊस असा कोसळतो, की घरातल्या माणसाशीही मोठ्याने बोलावे लागते. माझे सगळे चांगले लेखन त्या दोन महिन्यांतले आहे. वीज गेली, की मेणबत्ती लावून हाताने लिहितो. मोबाइल बंद असतो आणि शेजारी कोणी येण्याची शक्यता नसते. मला वाटते, स्फूर्ती म्हणजे बहुतेक वेळा अडथळ्यांचा अभाव असतो.

पहाटपाखरू (पहाटे ४.४०)

मी या मताची नाही आणि ते स्पष्ट मांडते. मी डिचोलीची, निवृत्त ग्रंथपाल. उमेदवारीच्या काळात पंधरा वर्षे मी रात्रीच लिहिले आणि त्यातले फार थोडे ठेवण्यासारखे निघाले. रात्री आपण दिवसभराच्या थकव्याने हळवे झालेले असतो, आणि तो हळवेपणा आपल्याला लेखनाचा गुण वाटू लागतो. आता मी दहाला झोपते आणि चारला उठते. पहाटे डोके स्वच्छ असते, शब्दाचे वजन कळते, आणि मुख्य म्हणजे लिहिताना मला स्वतःची कीव येत नाही. अंत्रुजकन्या, आपले वाक्य वाईट नाही, ते दमलेले आहे. मध्यरात्रीचे दीड तास पहाटेकडे सरकवून पाहावेत.

मानशीकार (सकाळी ७.०५)

पहाटपाखरूताईंविषयी पूर्ण आदर ठेवून वेगळे सांगतो. माझ्या लेखनाची वेळ मी ठरवत नाही, ओहोटी ठरवते.

आमचे घर तिसवाडीत खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या, बांधावर आहे. खाजनाच्या मानशीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. उघडलेल्या दाराशी जाळे लावले, की बाहेर जाणाऱ्या पाण्याबरोबर सुंगटे (कोळंबी) आणि शेवटे मासे येतात. हे काम पुनवेच्या आणि अमावास्येच्या उधाणात अधिक चालते, आणि भरती-ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकत असल्यामुळे आज मी मध्यरात्री जागा असलो तर चार दिवसांनी पहाटे तीनला जागा असतो. जाळे लावून ते वर काढेपर्यंत दीड-दोन तास बांधावर बसून राहावे लागते. माझे सगळे लेखन त्या दीड-दोन तासांतले आहे. वयाच्या बाविसाव्या वर्षापासून मी असेच लिहीत आलो आहे.

या कामाने मला एक गोष्ट शिकवली. अंधारात जाळे दिसत नाही. दोरीला हात लावून आत काय आहे ते ओळखावे लागते. भार आहे, पण तो माशांचा आहे की वाहून आलेल्या पाल्याचा, हे सुरुवातीला मला कळत नसे आणि मी उगाच आनंदून जाळे ओढत असे. रात्रीचे लेखन तसेच आहे. त्या वेळी भार जाणवतो, पण तो कशाचा आहे ते उजेडात जाळे उलटे केल्यावर कळते. म्हणून रात्र फसवते असे मी म्हणणार नाही. पाला निघाला म्हणून कोणी मानशीवर जाणे सोडत नाही.

आता कामाचे सांगतो. बांधावर मी वाक्ये लिहीत नाही, फक्त वस्तू लिहितो. 'कंदिलाच्या काचेवर चिकटलेला पतंग. पलीकडच्या बांधावर कुणाची तरी विडी. पाण्याला वास, सकाळी नव्हता.' एवढेच. भावनांचे शब्द रात्री लिहायचे नाहीत असा नियम मी स्वतःला घातला आहे. ते सकाळी आपोआप सुचतात, आणि बहुतेक वेळा लिहायची गरजच उरत नाही.

रात्रपाळी (सकाळी ९.३०)

मी वेर्णा औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्यात काम करतो. महिन्यातले निम्मे दिवस रात्री अकरा ते सकाळी सात अशी पाळी असते. येथे सगळे जण रात्रीच्या शांततेविषयी लिहीत आहेत, म्हणून मुद्दाम नोंदवतो, की माझ्या रात्रीत शांतता नावाची गोष्टच नाही. हवा खेळवणाऱ्या यंत्रांचा एकसुरी आवाज आठही तास कानात असतो आणि ट्यूबलाइट इतके पांढरे असतात, की आपल्याच हाताला रंग नाही असे वाटते.

तरीही मी लिहितो, आणि ते मला माणसांमुळे जमते. मध्यरात्री दोनला उपाहारगृहात जी वीस मिनिटांची सुट्टी मिळते, त्यात माणसे जे बोलतात ते दिवसा बोलत नाहीत. सांग्याचा एक सहकारी तीन महिने रोज फक्त आपल्या घराच्या पायऱ्यांविषयी बोलत असे, की त्या चुकीच्या बाजूला बांधल्या गेल्या. चौथ्या महिन्यात मला कळले, की त्या पायऱ्यांवरून त्याची आई पडली होती. मी ती गोष्ट लिहिलेली नाही, लिहिणारही नाही, कारण ती त्याची आहे. पण माणूस मुख्य गोष्टीभोवती किती दिवस फिरत राहतो, हे मी तेथे शिकलो, आणि माझ्या कथांतली माणसे त्यानंतर सगळे एकदम सांगेनाशी झाली.

निद्राभ्यासी (दुपारी १.२०)

मी वैद्यकीय क्षेत्रात आहे, म्हणून या चर्चेत शरीराची बाजू मांडतो.

झोपेच्या नेहमीच्या वेळेच्या साधारण दोन तास आधी शरीरात मेलाटोनिन या झोपेशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण वाढू लागते. त्या सुमारास लक्षावरचा ताबा सैल पडतो. हिशेब, शब्दांची काटछाट, रचनेतली चूक शोधणे यांसाठी ही स्थिती वाईट. पण काही बाबतींत हाच सैलपणा उपयोगी पडतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना दोन प्रकारची कोडी दिली होती. ज्यांचे उत्तर अचानक उमगावे लागते अशी कोडी विद्यार्थ्यांनी त्यांच्या ताजेतवानेपणाच्या वेळेपेक्षा गैरसोयीच्या वेळी अधिक चांगली सोडवली. पायरीपायरीने सोडवायच्या कोड्यांत तसा लाभ दिसला नाही. फ्रान्समधला २०२१ चा एक प्रयोग तर फारच बोलका आहे. त्यात एका गणिती कोड्यात दडलेला नियम शोधायचा होता. मधल्या विश्रांतीत ज्यांना किमान १५ सेकंद अगदी हलकी डुलकी लागली त्यांच्यापैकी ८३ टक्क्यांना तो नियम सापडला, जागे राहिलेल्यांपैकी ३० टक्क्यांना, आणि जे त्याहून गाढ झोपेत गेले त्यांच्यापैकी फक्त १४ टक्क्यांना. हा प्रयोग दिवसा झाला होता आणि विषय कथेचा नव्हता, हे लक्षात ठेवावे. तरी झोपेच्या उंबरठ्यावर काही तरी घडते, एवढे त्यातून दिसते.

म्हणून अंत्रुजकन्या, आपल्या रात्रीच्या सुचण्यावर अविश्वास दाखवू नये. फक्त त्याच तासाला तपासनीसाचे कामही देऊ नये. आणखी दोन गोष्टी आग्रहाने सांगतो. कॉफीतल्या कॅफीनपैकी निम्मे शरीराबाहेर जायला सरासरी पाच तास लागतात, त्यामुळे दहा वाजताची कॉफी पहाटे तीनलाही अंगात निम्मी असते. आणि सकाळी लहान मुलांसमोर उभे राहायचे असेल तर सात तासांची झोप मोडून लिहू नये. आठवड्यातून तीन रात्री लिहिणे पुरे आहे.

पहाटपाखरू (दुपारी २.००)

निद्राभ्यासी यांचे म्हणणे मला पटले. मी तपासनीस पहाटे बसवते आणि इतरांनी तो रात्री बसवू नये, एवढाच आमच्यात फरक आहे. मात्र झोप मोडू नये, या मुद्द्यावर मी ठाम आहे.

तालीममास्तर (सायंकाळी ६.४५)

पेडणे तालुक्यातून लिहितो. तीस वर्षे गावच्या जत्रेसाठी नाटके बसवली आणि त्यांपैकी सात स्वतः लिहिली. सगळ्या तालमी रात्रीच्या, कारण नट दिवसा बसवाहक, शिक्षक, गवंडी किंवा दुकानदार असतात. आपला प्रश्न कसबाचा आहे, आणि रात्र कसबही शिकवते हे मला येथे ठासून सांगायचे आहे.

जत्रेतले नाटक रात्री अकरानंतर उभे राहते. दोन वाजण्याच्या सुमारास चटयांवर बसलेल्या बायांच्या मांडीवर मुले झोपलेली असतात, पुरुष खांबाला टेकलेले असतात. माझ्या दुसऱ्या नाटकात त्या वेळेला नायकाचे दोन पानांचे पल्लेदार स्वगत होते. मी ते घरी रात्री एकटाच रडत लिहिले होते. नटाने ते सुरू केले आणि तिसऱ्या-चौथ्या वाक्याला माणसे उठून खाजेवाल्याच्या दुकानाकडे निघाली. पडद्याच्या फटीतून मी ते पाहत होतो आणि प्रत्येक उठणाऱ्या माणसाबरोबर मला कळत होते, की कुठले वाक्य नको होते. पुढच्या वर्षी शेजारच्या गावात तेच नाटक झाले तेव्हा स्वगत सहा वाक्यांचे होते, आणि कोणी उठले नाही.

आमच्या भागातला दशावतार पाहावा. त्यात संवादांची लिखित संहिता नसते. आख्यान ठरते, आणि रंगमंचावर एकाने टाकलेला शब्द दुसऱ्याने झेलून पुढे न्यायचा असतो. ज्याला समोरच्याचे ऐकू येत नाही त्याला बोलता येत नाही. कथाकाराने त्यावरून एक अभ्यास करावा: दोन माणसांचे वीस वाक्यांचे बोलणे लिहावे आणि प्रत्येक वाक्याने आधीच्या वाक्यातला एक शब्द उचलावा. मी तालमीत नवीन मुलांकडून हे तोंडी करून घेतो. पंधरा दिवसांत कान तयार होतो.

मांडावरची (रात्री ९.१०)

तालीममास्तर, आपण ऐकण्याविषयी लिहिलेत म्हणून धीर करून लिहिते. मी पौषात ढालो खेळणारी. मांडावर, म्हणजे ढालो खेळायच्या जागेवर, आम्ही बाया दोन रांगांत समोरासमोर उभ्या राहतो. एक रांग गाते, दुसरी तीच ओळ उचलते, आणि झुकत पुढे-मागे जातो. थंडीच्या रात्री तासन्‌तास तेच चालते. मी कविता लिहू लागले तेव्हा कोणी मला छंद शिकवला नव्हता. ओळ कुठे मोडावी हे माझ्या पायांना आधीच ठाऊक होते. रात्री लिहिताना अडले, की मी उठते आणि परसात चार पावले पुढे, चार मागे अशी ओळ म्हणून पाहते. पाय अडखळला, की तेथे शब्द जास्त झालेला असतो.

जुवारीपार (रात्री १०.००)

चर्चेत थोडा वेगळा मुद्दा आणतो. आपण बहुतेक जण घरी कोंकणी बोलतो आणि मराठीत लिहितो. माझा अनुभव असा, की दिवसा मी मराठीत विचार करू शकतो, पण रात्री थकलो की आजीची कोंकणी वर येते. पात्रे 'कितें जालें?' असे विचारतात आणि मी 'काय झाले?' असे लिहितो. तेवढ्यात काही तरी सुटते. अंत्रुजकन्या यांचे 'अथांग वेदनेचा सागर' हे त्यातूनच आले नसेल ना? घरच्या बोलीतला शब्द मागे ढकलला, की त्याची जागा भरायला पुस्तकी शब्दांची रांग येते.

पागोळी (रात्री १०.२०)

मग संवाद कोंकणीत आणि निवेदन मराठीत लिहावे का? पुण्या-मुंबईच्या वाचकाला ते कळेल का?

मानशीकार (रात्री १०.३५)

कळते. मालवणी आणि वऱ्हाडी संवाद मराठी वाचकांनी कायम वाचले आहेत. प्रश्न संवादाचा नाहीच, निवेदनाचा आहे. 'मानस' हा शब्द मी कधी बदलत नाही. दार कसे उघडते ते एकदा दाखवले, की वाचकाला अर्थ सांगावा लागत नाही.

रात्रपाळी (दुसरा दिवस, सकाळी ८.१५)

मूळ प्रश्नाकडे परत येतो. लिहिलेले मोठ्याने वाचावे असे सगळे सांगतात, पण रात्री घर झोपलेले असताना मोठ्याने वाचणार कसे? मी पाळी संपल्यावर बसथांब्यावर उभा राहून आपलेच लेखन मोबाइलमध्ये हळू आवाजात ध्वनिमुद्रित करतो आणि दोन दिवसांनी ऐकतो. डोळे ज्या वाक्याला क्षमा करतात त्याला कान करत नाहीत. जेथे माझाच श्वास पुरत नाही तेथे वाक्य तोडतो. आणि जेथे माझा आवाज उगाच थरथरतो, तेथे बहुतेक वेळा विशेषणे सापडतात.

अंत्रुजकन्या (सतरा दिवसांनंतर, रात्री १०.५५)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, की नुसते आभार मानून थांबणे मला योग्य वाटले नाही. मी हे सतरा दिवस प्रयत्न करून पाहिले.

आठवड्यातून तीनच रात्री बसले आणि पावणेबाराला वही मिटली. मानशीकारदादांच्या सांगण्याप्रमाणे रात्री फक्त वस्तू लिहिल्या. पहिल्या रात्री पानभर लिहून झाल्यावर मला रिते वाटले; आपण काहीच लिहिले नाही असे वाटून झोपही नीट आली नाही. दुसऱ्या आठवड्यात मात्र मी त्या यादीची वाट पाहू लागले. शनिवारी दुपारी, मुले खेळायला गेल्यावर, यादीतून परिच्छेद बांधला आणि गोठ्यामागे जाऊन ध्वनिमुद्रित केला. 'अथांग वेदनेच्या सागरा'च्या जागी आता हे आहे:

'सासू अंथरुणावर पडल्यावर तिने चुलीतली राख सारखी केली. राखेखाली एक निखारा अजून लाल होता. आतून सासूने विचारले, "झाले का गं?" ती म्हणाली, "झाले." मग बराच वेळ ती निखाऱ्याकडे पाहत बसली. "दिवो पालय," सासू म्हणाली. तिने दिवा मालवला. निखारा तसाच ठेवला.'

पहाटपाखरू (पहाटे ४.३०)

आता ती बाई दिसली. रात्रीच्या लेखनाविषयी मी जे लिहिले होते ते या सात-आठ ओळींपुरते तरी मागे घेते.

तालीममास्तर (सकाळी ८.००)

'झाले का' आणि 'झाले' हे झेलणे अचूक जमले आहे. 'बराच वेळ' मात्र काढा. किती वेळ ते सासूच्या दुसऱ्या वाक्यावरूनच कळते.

जुवारीपार (सकाळी ८.४०)

माझा एक प्रश्न. सासू पहिल्यांदा मराठीत विचारते आणि दुसऱ्यांदा कोंकणीत बोलते. हे मुद्दाम केले आहे का?

अंत्रुजकन्या (रात्री ११.१०)

नाही, ते माझ्याकडून नकळत झाले होते. आपण विचारल्यावर मी यादी काढून पाहिली. 'दिवो पालय' हे वाक्य मी त्या रात्री ऐकले तसेच उतरवून घेतले होते, कारण माझ्या सासूबाईंनी ते खरोखरच आतून म्हटले होते आणि मी लिहीतच बसले होते. 'झाले का गं' मात्र मी शनिवारी दुपारी टेबलावर रचले. आता ते 'जालें गो?' असे करते, उत्तरही 'जालें' असे करते, आणि 'बराच वेळ' काढते. दिवा आजही अजून चालूच आहे, सासूबाई हाक मारतीलच, म्हणून येथेच थांबते.